सात आणि आठ नंबरचा क्लब

माझं इंग्रजी चांगलं आहे हे आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मीच ते सगळ्यांना सांगितलेलं आहे. बावीस वर्षं मी पाण्याच्या मीटरच्या ऑफिसात बसून लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहितो आहे. 'आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे' हे एकच वाक्य मी इंग्रजीत नऊ तऱ्हांनी लिहू शकतो. (त्या तक्रारीचं पुढे काय होतं ते मला विचारू नका. ते खातं दुसऱ्या मजल्यावर आहे.)

म्हणून एका सकाळी बायको म्हणाली, "अहो, समितीला दोन ओळींचा अर्ज लिहून द्या ना," तेव्हा मी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हटलं, "चहा ओत. कप रिकामा व्हायच्या आत लिहून होईल." एवढंच. त्या दिवशी मी नेहमीसारखं "मला वेळ नाही" म्हटलं असतं, तर आज जिन्यातून लोकांना चुकवत उतरावं लागलं नसतं.

मामला असा होता. आम्ही सात नंबरमध्ये राहतो. शेजारी आठ नंबरची एकच खोली आहे. तिथे एक म्हातारे घड्याळजी राहायचे. ते लेकीकडे कायमचे राहायला गेले आणि खोली रिकामी झाली. आमची ही शिवणकाम करते. गेली अकरा वर्षं ती ते आमच्या जेवणाच्या टेबलावर करते आहे. टेबलाच्या एका टोकाला मशीन आणि दुसऱ्या टोकाला मी. ताटात टाचणी सापडली नाही असा आठवडा जात नाही. (एकदा मी एक बटण गिळलं. ते कोणाच्या तरी कोटाचं होतं. हिने माझी चौकशी केली, नाही असं नाही, पण कोटाची आधी केली.) माप द्यायला कोणी बाई आली, की मी उठायचं आणि जिन्यात जाऊन उभं राहायचं. आठ नंबर मिळाली तर हिला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची एक खोली मिळणार होती. तसं ती तोंडाने म्हणाली नाही, पण आठवडाभर येता-जाता ती त्या बंद खोलीच्या खिडकीला नाक लावून उभी राहायची आणि मशीन कुठे ठेवायचं ते आतल्या आत ठरवायची.

इमारतीचा नियम असा आहे, की रिकामी खोली लगतच्या बिऱ्हाडाने मागितली आणि मधल्या भिंतीत दार काढून दोन्ही जागा एक करतो असं लिहून दिलं, तर पहिला हक्क त्याचा. महिनाअखेरच्या बैठकीत अर्ज मंजूर व्हायला हवा. नाही झाला तर खोली यादीतल्या पुढच्या माणसाला. पुढचा माणूस म्हणजे तळमजल्यावरचा ड्रममास्तर. त्याला ती क्लाससाठी हवी होती. म्हणजे एक तर आमच्या भिंतीत दार, नाहीतर आमच्या भिंतीमागे ड्रम. मधलं काही नव्हतं.

आणि अर्ज इंग्रजीतच हवा. समितीचे अध्यक्ष एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले आहेत आणि रेकॉर्ड इंग्रजीत असल्याशिवाय त्यांना ते रेकॉर्ड वाटत नाही. त्यामुळे आमच्याकडे भांडणं मराठीत होतात आणि ठराव इंग्रजीत. वर्षभराने ठराव वाचून भांडण कशावरून झालं होतं ते कोणालाच कळत नाही, आणि इमारतीत शांतता राहते.

"हं, सांग," मी कागद घेऊन म्हटलं.

"सांगायचं काय? सात आणि आठ नंबर जोडायचे आहेत. मी तिथे शिवणकाम करीन. संध्याकाळी बायका मापं द्यायला येतील. झालं."

मी पेनाचं टोपण काढलं आणि 'जोडायचे'पाशीच थांबलो.

तुम्ही म्हणाल, त्यात थांबण्यासारखं काय आहे? एरवी नव्हतंच. पण आदल्याच दिवशी आमच्या ऑफिसातल्या मॅडमनी माझं एक पत्र सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "तुमचं इंग्रजी सदान्‌कदा सुटाबुटात असतं हो! अहो, पाणी येत नाही म्हणून माणूस रडतोय आणि तुम्ही त्याला कोर्टाचं समन्स पाठवता. जरा घरच्या कपड्यांत लिहीत चला." सगळे हसले. ज्याला इंग्रजीत स्वतःचं नाव लिहितानाही दोनदा विचार करावा लागतो, तो पलीकडचा टंकलेखकही हसला. ते माझ्या मनाला फार लागलं होतं.

तेव्हा मी कपाटावरून शब्दकोश काढला. हा मी हल्लीच घेतलेला, नव्या पद्धतीचा. यात प्रत्येक शब्दापुढे त्याची पायरी दिलेली असते: हा औपचारिक, हा साधा, हा अनौपचारिक, घरगुती. जुन्या शब्दकोशात नुसता अर्थ बघायचा आणि मोकळं व्हायचं. यात शब्दाची चालचलणूकही तपासावी लागते.

"कंबाइन," मी मोठ्याने म्हटलं. "साधा शब्द. पण याला औषधाच्या बाटलीचा वास येतो."

"मग दुसरा घ्या," ती दोरा ओवता ओवता म्हणाली.

"मर्ज. हा बँकांचा. दोन बँका मर्ज होतात आणि तिसऱ्या दिवशी माणसं कमी करतात. नको."

"बरं."

"जॉइन."

"हां, तो छान आहे."

"छान काय? बालवाडीतला आहे तो! ठिपके जोडा आणि ससा तयार करा. बावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने जॉइन लिहायचं?"

तिने मशीनची सुई वर घेतली आणि माझ्याकडे बघितलं. "हे बघा, माझ्याकडेही जोडायच्या चार तऱ्हा आहेत. नुसतं बघायचं असेल तर टाचते. कच्चं करायचं असेल तर धावदोरा घालते. पक्कं करायचं असेल तर टीप मारते. आणि फाटलेलं असेल तर ठिगळ. कापड समोर असलं की कळतं काय घालायचं ते. तुम्ही भिंतीकडे बघा ना जरा, पुस्तकात काय बघताय?"

हे बोलणं मी अडाणीपणाचं म्हणून सोडून दिलं. (ही या गोष्टीतली माझी पहिली चूक. पुढच्या चुका मोजत बसू नका, दमाल.)

त्या कपातला चहा गार झाला. दुसऱ्या दिवशीचाही झाला. चौथ्या दिवशी मला सुचलं, आणि सुचलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. शब्द तर रोजच्या वापरातला! ऑफिसात दोन फायली एकत्र बांधायच्या असल्या की आम्ही काय म्हणतो? क्लब करा! दोन रजा जोडून घेतल्या की क्लब केल्या. मीटिंग आणि चहा एकत्र ठेवला की तेही क्लब. घरच्या कपड्यांतला, हसतमुख, सगळ्यांच्या तोंडचा शब्द. मी शब्दकोशात बघितलंसुद्धा नाही. स्वतःच्या घरातल्या माणसाची ओळख कोणी पुस्तकात शोधतो का?

मी झरझर लिहिलं: वी विश टू क्लब नंबर सेव्हन अँड नंबर एट.

पुढचा प्रश्न शिवणकामाचा होता. शिवणकाम म्हटलं की लोकांना मशीनची घरघर आठवणार आणि कोणीतरी हरकत घेणार. म्हणून मी हुशारीने तिथे नुसतं 'वर्क' लिहिलं. मापाचं इंग्रजी फार लांबट झालं, तेही गाळलं. एकूण अर्ज असा झाला: आम्ही सात आणि आठ नंबर क्लब करू इच्छितो. माझी पत्नी तिथे आपलं काम चालवील. संध्याकाळी लेडीज येतील.

"वाचून दाखवा," ती म्हणाली.

मी वाचून दाखवलं.

"क्लब म्हणजे हो?"

"अनौपचारिक आहे तो. तुला नाही कळणार."

"समितीला कळेल ना?"

मी हसलो. ते हसणं आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

आमच्याकडे अर्ज आला, की चिटणीस तो लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावतात, कोणाला हरकत असेल तर घ्यावी म्हणून. चिटणीसांना इमारतीत सगळे 'दुर्बीण' म्हणतात, कारण कोणाच्या दाराशी कोण आलं हे त्यांना त्या दाराच्या मालकाआधी कळतं. अर्ज सकाळी फळ्यावर लागला. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर फळ्यापाशी हीऽ गर्दी. मला बघून ती दुभंगली. मला वाटलं, माझ्या इंग्रजीचा वचक.

घरात पाऊल टाकतो तर खुर्चीवर चौथ्या मजल्यावरचे निवृत्त तिकीट तपासनीस बसलेले. मांडीवर पत्त्यांचा जोड.

"या या," ते मलाच म्हणाले. "कधी सुरू करताय? मी म्हटलं, पहिलं नाव आपलंच लागलं पाहिजे. इमारतीत या वयाच्या माणसाला बसायला जागा नाही हो. किती वाजेपर्यंत उघडा राहील?"

"काय उघडा राहील?"

"क्लब!" त्यांनी आवाज खाली आणला. "आणि ते लेडीजचं... रोज, की फक्त शनिवारी?"

स्वयंपाकघरात काहीतरी खणकन आपटलं. मी त्यांना कसंबसं दाराबाहेर काढलं. पत्ते त्यांनी ठेवूनच दिले, 'राहू देत, लागतील' म्हणून.

दार लावून वळलो तर ही समोर उभी.

"ते दोन तास इथे बसले होते," ती म्हणाली. "मला विचारत होते, वहिनी, तुम्ही स्वतः पत्ते वाटणार का. दुर्बीण येऊन गेले. ते म्हणाले, आमची काही हरकत नाही, पण कुटुंबवत्सल इमारत आहे. आणि मोठ्या इस्पितळातल्या त्या नर्सबाई. त्यांचा कोट अर्धा शिवून झालाय माझा. त्या आल्या आणि तसाच घेऊन गेल्या. बाह्यांशिवाय! म्हणाल्या, घरचे म्हणतात की तिकडे आता जाऊ नकोस."

"अगं, पण तो शब्द..."

"अकरा वर्षं मी या टेबलावर मान मोडून काम केलं. कोणी बोट दाखवलं नाही. तुम्ही तीन ओळींत दाखवलंत!"

ती रडली नाही. ती रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. ती मशीनवर बसली आणि नुसतंच, कापड न घालता, पायडल मारत राहिली. मला खरोखर लाज वाटली. आता इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? फळ्यावरचा कागद काढला असता आणि घरोघर जाऊन मराठीत सांगितलं असतं. पण शहाण्या माणसाने ही गोष्ट इथवर येऊच दिली नसती.

मी खुलासा लिहायला बसलो. इंग्रजीत.

या वेळी शब्दकोश नीट बघितला. आणि हादरलो. क्लबचा पहिलाच अर्थ निघाला सोटा. दुसरा, सोट्याने बडवणे. तिसरा, जिथे लोक जमतात ती जागा. दोन खोल्या जोडणे हा अर्थ खाली, आणखी खाली, अगदी तळाला कुठेही नव्हता. बावीस वर्षं आम्ही ऑफिसात फायली सोट्याने बडवत होतो आणि आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. (मग माझ्या मनात आलं, की त्या फायलींचं झालं ते हेच झालं.)

तरीही मी घरचे कपडे सोडले नाहीत. मॅडमचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. पानं उलटता उलटता मला एक खास प्रयोग सापडला. दोन खोल्यांची एक करणे यासाठी इंग्रज माणूस घरगुती भाषेत काय म्हणतो? नॉक! टू नॉक टू रूम्स इंटू वन. पुढे चक्क छापलेलं होतं: अनौपचारिक. आणि उदाहरणही खोल्यांचंच! मी मनातल्या मनात शब्दकोशाचे पाय धरले आणि लिहिलं: क्लब हा आमचा हेतू नाही. आम्ही फक्त सात आणि आठ नंबर नॉक करू. फळ्यावर मी स्वतःच्या हाताने तो कागद लावला, चारी कोपऱ्यांना पिना मारून.

सकाळी सात वाजता बेल वाजली. दारात आमच्या बरोबर खाली राहणारे दातांचे डॉक्टर, एका हातात तो गोल आरसा तसाच धरलेला. त्यांचा दवाखाना घरातच आहे.

"तुम्ही वर ठोकाठोक करणार आहात?"

"नाही हो, ठोकाठोक नाही, नॉक..."

"नॉक म्हणजे काय मग? माझ्या खुर्चीत माणूस आ वासून बसलेला असतो. माझ्या हातात त्याच्या दाढेवर टेकवलेलं यंत्र असतं. तुम्ही वरून एक धक्का दिलात, तर मी कुठली दाढ काढीन ते मी सांगू शकत नाही!"

"डॉक्टर, ते अनौपचारिक आहे."

"दाढ औपचारिक असते!" ते म्हणाले आणि खाली गेले. जाता जाता त्यांनी फळ्यावर माझ्या खुलाशाखाली हरकत लिहिली, इंग्रजीत, आणि तिच्यात 'स्ट्रक्चर' आणि 'कोलॅप्स' हे दोन शब्द घातले. संध्याकाळपर्यंत तिच्याखाली अकरा सह्या झाल्या. बारावी सही ड्रममास्तराची. तो मला जिन्यात भेटला आणि हात हातात घेऊन म्हणाला, "काका, तुमचे उपकार कसे फेडू? मी तर नुसता यादीत होतो." तो माणूस मनापासून बोलत होता, म्हणून जास्तच झोंबलं.

बैठक रविवारी सकाळी तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत होती. एरवी या बैठकीला समितीची पाच माणसं आणि दुर्बिणीचे दोन डोळे एवढीच उपस्थिती असते. त्या दिवशी लोक खिडक्यांतून उभे होते. तिकीट तपासनीस पहिल्या रांगेत, क्लबच्या बाजूने. ही माझ्या शेजारी, मांडीवर हात घट्ट धरून. घरातून निघताना ती एकच वाक्य बोलली होती, "आज खोली गेली तर मी पुन्हा मागणार नाही." मला त्याचा अर्थ नीट कळला होता आणि म्हणूनच मी शब्दकोश बरोबर घेतला होता.

"मिस्टर सात नंबर," अध्यक्ष म्हणाले, "एक्स्प्लेन."

मी उठलो. खरं तर मला एवढंच सांगायचं होतं की भिंतीत एक दार हवं आहे. पण समोर एवढे लोक, हातात एवढं मोठं पुस्तक. मी म्हणालो, "महाशय, इंग्रजी भाषेत वस्तू एकत्र करण्यासाठी जे शब्द आहेत, त्यांच्या तीन पायऱ्या आहेत."

ही माझा सदरा मागून ओढत होती. मला वाटलं, सुरकुती नीट करते आहे.

मी पहिली पायरी सांगितली. दुसरी सांगितली. तिसरीला अध्यक्षांनी टेबलाच्या खणातून स्वतःचा शब्दकोश काढला. जुना, चामडी बांधणीचा. तोपर्यंत मला माहीत नव्हतं की माणसं बैठकीला शब्दकोश घेऊन येतात. (माझ्याशिवाय.)

"माझ्या पुस्तकात क्लब म्हणजे जोडणे असं नाही," ते म्हणाले.

"माझ्याही पुस्तकात नाही," मी अभिमानाने म्हणालो. "पण वापरात आहे!"

"माझ्या पुस्तकात आहे सोटा."

"माझ्याही!"

"सोटे माझ्याकडे आहेत," ड्रममास्तर मागून म्हणाला. "दोन जोड."

"मग नेमकं करायचं काय आहे तुम्हाला?" डॉक्टर उठले. "सोट्याने भिंत ठोकायची आहे, की क्लब काढायचा आहे?"

"क्लब काढावा," तिकीट तपासनीस म्हणाले.

"यातलं काहीच नाही! मी फक्त शब्दाची पायरी..."

"हे बघा," अध्यक्षांनी आपला शब्दकोश मिटला, "अर्ज समजण्यापलीकडचा आहे. खुलासा अर्जापलीकडचा आहे. आणि खुलाशाचा खुलासा आपण आत्ता ऐकलाच. मला वाटतं, यादीतलं पुढचं नाव घ्यावं."

ड्रममास्तर खुर्चीत सरसावून बसला. मी हिच्याकडे बघितलं नाही, माझी हिंमतच झाली नाही. अकरा वर्षं टेबलाच्या टोकावर काढलेली बाई आणि तिची खोली घालवणारा मी, आमच्यामध्ये ते जाडजूड पुस्तक. ते फेकून द्यावंसं वाटलं मला.

तेवढ्यात ही उभी राहिली.

"अध्यक्षसाहेब, मी बोलू का? मला इंग्रजी येत नाही."

"बोला ना वहिनी," अध्यक्ष एकदम मराठीत आले. त्यांना किती हायसं वाटलं म्हणून सांगू!

"आमच्या आणि आठ नंबरच्या मध्ये भिंत आहे. तिच्यात एक दार काढायचं आहे. मी कपडे शिवते. बायका संध्याकाळी माप द्यायला येतात. पत्ते मला येत नाहीत. गवंडी दुपारी काम करील, डॉक्टरांचा दवाखाना बंद असतो तेव्हा. बस, एवढंच."

"दार काढायचं, म्हणजे असलेलं दार काढून टाकायचं?" दुर्बिणीने विचारलं. त्यांना काहीतरी विचारल्याशिवाय राहवत नाही.

"नाही, नसलेलं काढायचं," ही म्हणाली.

सगळे हसले. डॉक्टरही हसले आणि म्हणाले, "दुपारी दोन ते चार चालेल." खिडकीतून नर्सबाईंचा आवाज आला, "म्हणजे माझ्या बाह्या लागणार ना हो?" ही म्हणाली, "कोट घेऊन या." ड्रममास्तराने उभं राहून सांगितलं की असं असेल तर त्याची हरकत नाही, त्याच्या आईचा गाऊनही वहिनीच शिवतात. त्याचं तोंड पडलं होतं, पण तो बोलला. माझ्या पंधरा मिनिटांच्या भाषणाने जे झालं नव्हतं, ते अर्ध्या मिनिटात झालं.

"मंजूर," अध्यक्ष म्हणाले. "चिटणीस, ठराव लिहा. परमिशन इज ग्रँटेड टू..." आणि ते थांबले.

दुर्बिणीने पेन वर धरलं. "टू?"

"टू कंबाइन. नाही, ते कसंसंच वाटतं. टू युनाइट? छे. टू अमाल्गमेट..."

"त्याचं स्पेलिंग?" दुर्बीण म्हणाले.

अध्यक्षांनी खिशातला चष्मा काढला, पुस्तक पुन्हा उघडलं. कोषाध्यक्ष म्हणाले कनेक्ट, पण ते विजेचं वाटतं असं डॉक्टरांचं मत पडलं. कोणी म्हणालं अटॅच, तर कोणी म्हणालं ते बाथरूमला लावतात. दहा मिनिटं गेली. मला शब्द माहीत होता. तिन्ही पायऱ्यांवरचे माहीत होते! माझा हात आपोआप वर जायला लागला. हिने तो मनगटाला धरून खाली आणला आणि तसाच धरून ठेवला, अगदी टीप मारल्यासारखा.

"लिहा," ती दुर्बिणीला म्हणाली, "वन डोअर. यस."

आमच्या इमारतीच्या दप्तरात तो ठराव आजही तसाच आहे. वन डोअर, यस. खाली पाच सह्या. आणि त्याखाली अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने घातलेली एक अट, ती मात्र अस्खलित मराठीत: 'यापुढे सात व आठ नंबरचा सर्व पत्रव्यवहार वहिनींच्या सहीने व्हावा.' इमारतीच्या इतिहासातली पहिली मराठी नोंद माझ्यामुळे झाली, असं मी कधीकधी लोकांना सांगतो. लोक घाईत असतात.

दार झालं. गवंड्याने दोन दिवसांत काढलं, दुपारी दोन ते चार. मशीन पलीकडे गेलं, टाचण्या गेल्या, कपड्यांचे गठ्ठे गेले. जेवणाच्या टेबलावर आता मी एकटा, ऐसपैस. हिचं काम दुपटीने वाढलं आहे. संध्याकाळी दाराआडून बायकांचं हसणं ऐकू येतं. ते बहुतेक वेळा एका तीन ओळींच्या अर्जावरून असतं, असा माझा अंदाज आहे.

दाराला एकच कडी आहे. गवंड्याने मला विचारलं होतं, कुठल्या बाजूने लावू? मी म्हटलं होतं, "जिचं काम तिलाच विचारा." त्याने विचारलं.

परवा चहा हवा होता म्हणून मी दारावर टकटक केलं.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"अगं, मी!"

"माप द्यायचंय?"

"नाही."

"मग जिन्यात थांबा, आत बायका आहेत."

"अगं, पण आता कशाला जिन्यात? मध्ये दार आहे ना!"

आतलं मशीन थांबलं. क्षणभर मला वाटलं, ती उघडते आहे.

"बरं, मग तिथेच थांबा," ती म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.